साठ हजार युनिटचा कोर्स संपतो कधी?

‘डी कमी आलंय’ हे वाक्य आता आपल्याकडे घरोघर ऐकू येतं. कंबर धरते, जिना चढताना गुडघे कुरकुरतात, थकवा जात नाही, म्हणून डॉक्टर रक्त तपासायला सांगतात. रिपोर्टवर ड जीवनसत्त्वाचा आकडा १२ नाहीतर १५ येतो आणि चिठ्ठीवर साठ हजार युनिटची पुडी किंवा कॅप्सूल लिहून मिळते. आठवड्यातून एक, असे आठ आठवडे. इथपर्यंत सगळं रीतसर आहे. घोटाळा सुरू होतो तो नवव्या आठवड्यापासून. जुन्या चिठ्ठीवर दुकानात औषध पुन्हा मिळतं, पुडी फार महाग नसते, घेतल्यावर बरं वाटलेलं असतं आणि ‘जीवनसत्त्वच तर आहे, त्यानं काय होणार?’ असं घरातलं कुणीतरी म्हणतं. मग आठवड्याची पुडी वर्षभर चालू राहते. कुणी ती शेजारच्या काकूंनाही सुचवतं. कोर्स संपल्याचं कुणी सांगत नाही आणि कुणी विचारतही नाही.

मोठ्या डोसचं ड जीवनसत्त्व वर्षानुवर्षं घेणं सुरक्षित आहे का, हा प्रश्न म्हणूनच नीट तपासून घ्यायला हवा. त्याचं उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’ अशा एका शब्दात मिळणार नाही, पण बरंच स्पष्ट उत्तर आज उपलब्ध आहे.

सुरुवातीलाच एक गोष्ट सांगून टाकतो. आपल्याकडे या जीवनसत्त्वाची कमतरता खरोखरच आहे. भरपूर ऊन असलेल्या देशात ती नसेल असा समज बराच काळ होता. दिल्लीच्या एम्समधल्या संशोधकांनी २००० साली निरोगी दिल्लीकरांच्या रक्तातली पातळी कमी असल्याचं दाखवलं आणि त्या समजाला तडा गेला. पुण्यात डॉ. वामन खाडिलकर आणि डॉ. अनुराधा खाडिलकर यांनी मुलांची हाडं, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व यांवर वर्षानुवर्षं काम केलं आहे. मुडदूस झालेल्या मुलाचे वाकलेले पाय ज्यानं पाहिले असतील, तो या औषधाला नावं ठेवणार नाही. मीही ठेवत नाही. माझा आक्षेप आहे तो या औषधाला खाऊ समजण्याला.

आधी थोडं गणित करू, कारण साठ हजार हा आकडा कानाला इतका सवयीचा झालाय की त्याचा आकार लक्षात येत नाही. ड जीवनसत्त्वाचे ४० युनिट म्हणजे एक मायक्रोग्रॅम. प्रौढ माणसाची रोजची गरज ६०० युनिट, म्हणजे १५ मायक्रोग्रॅम मानली जाते. साठ हजार युनिट म्हणजे दीड मिलिग्रॅम. पुडीत दिसते ती बाकीची सगळी पावडर गोडीसाठी आणि मिसळण्यासाठी असते, खरं औषध चिमटीतही सापडणार नाही एवढं. पण गरजेच्या हिशेबानं ती एक पुडी शंभर दिवसांचा शिधा आहे. महिन्याला एक घेतली तर सरासरी रोजचे २,००० युनिट पडतात. आठवड्याला एक घेतली तर रोजचे साडेआठ हजारांच्या वर जातात. आणि ‘आठवड्यातून एकदा’ हे अक्षर न लागल्यामुळे कुणी ती रोज घेऊ लागलं, तर महिन्याभरात १८ लाख युनिट पोटात जातात. ही शेवटची चूक काल्पनिक नाही. भारतातल्या रुग्णालयांतून प्रसिद्ध झालेल्या विषबाधेच्या अहवालांत ती पुन्हा पुन्हा दिसते.

आता हे शरीरात गेल्यावर काय होतं ते पाहू, कारण धोका कुठे आहे ते तिथेच कळतं.

उन्हातल्या अतिनील किरणांनी त्वचेतल्या एका कोलेस्टेरॉलसारख्या द्रव्यापासून ड जीवनसत्त्व तयार होतं. ही निर्मिती स्वतःला आवर घालते. ऊन जास्त झालं की तयार झालेलं कच्चं द्रव्य त्याच किरणांनी मोडतं आणि निरुपयोगी पदार्थांत बदलतं. दिवसभर भाताच्या खाचरात वाकून लावणी करणाऱ्या बाईला उन्हामुळे ड जीवनसत्त्वाची विषबाधा झाली असं कधी होत नाही. तोंडावाटे घेतलेल्या डोसाला मात्र असा कुठलाच आवर नाही. जेवढं गिळू, त्यातलं बहुतेक आतड्यातून आत जातं, आणि ते चरबीत विरघळणारं असल्यामुळे शरीरातल्या चरबीत साठून राहतं.

तिथून ते यकृतात जातं. यकृत त्याचं जे रूप बनवतं तेच आपण रक्ततपासणीत मोजतो. त्यानंतर मूत्रपिंड त्याचं खरं कामाचं रूप तयार करतं. यकृत हे धरण समजा आणि मूत्रपिंड म्हणजे कालव्याच्या तोंडावरचा दरवाजा. दरवाजा अगदी चोख आहे, शरीराला कॅल्शियम किती हवं ते पाहून उघडतो आणि मिटतो. पण धरणात येणाऱ्या पाण्यावर कुणाचंच नियंत्रण नाही. जेवढं औषध येईल तेवढं यकृत बदलत राहतं, पातळी चढत राहते आणि एका मर्यादेनंतर पाणी दरवाजावरूनच वाहू लागतं. रक्तात ड जीवनसत्त्व वाहून नेणारी प्रथिनं भरून जातात, मोकळं राहिलेलं द्रव्य थेट पेशींवर काम करू लागतं आणि आतड्यातून व हाडांमधून कॅल्शियम रक्तात लोटलं जातं.

ड जीवनसत्त्वाची विषबाधा म्हणजे मुळात ही कॅल्शियमची विषबाधा. भूक जाते, मळमळतं, बद्धकोष्ठता होते. घसा सारखा कोरडा पडतो, रात्री चार-पाच वेळा लघवीला उठावं लागतं. वजन उतरतं. म्हातारं माणूस असेल तर बोलण्यात गोंधळ होतो, गुंगी येते, आणि घरच्यांना वाटतं वयामुळे झालं असेल. कॅल्शियम गाळता गाळता मूत्रपिंडं थकतात, त्यांच्यात खडे होतात, पुढे त्यांच्या पेशीजालातच चुना बसू लागतो. उपचार आहेत. औषध बंद करायचं, शिरेवाटे सलाइन द्यायचं, गरजेनुसार स्टेरॉइड आणि हाडांतून कॅल्शियम सुटणं रोखणारी औषधं द्यायची. पण चरबीतला साठा हळूहळू बाहेर येत राहतो. म्हणून साध्या औषधाचा जास्त डोस दोन-चार दिवसांत उतरतो तसं इथे होत नाही. कॅल्शियम ताळ्यावर यायला कित्येक आठवडे, कधी कधी काही महिने लागतात.

हे आजचं ज्ञान नाही. १९२०च्या दशकात हे जीवनसत्त्व सापडलं. १९२८चं रसायनशास्त्राचं नोबेल अडोल्फ विंडाउस यांना स्टेरॉलसारखी द्रव्यं आणि त्यांचं जीवनसत्त्वांशी असलेलं नातं यांवरच्या कामासाठी मिळालं. आणि १९३०-४०च्या दशकांतच डॉक्टर संधिवाताच्या रुग्णांना दिवसाला दोन-दोन लाख युनिट देऊ लागले. काहींना आराम वाटला, बऱ्याच जणांची मूत्रपिंडं बिघडली आणि तो उपचार बंद पडला. पुढे ब्रिटनमध्ये युद्धानंतर बाळांच्या दुधाच्या भुकटीत, धान्याच्या पिठांत आणि वर कॉडलिव्हर तेलात असं तिन्हीकडून हे जीवनसत्त्व घातलं जाऊ लागलं. हेतू चांगला होता, मुडदूस संपवायचा होता. पण १९५०च्या दशकात उलट्या करणारी, वजन न वाढणारी, रक्तात कॅल्शियम भरलेली बाळं रुग्णालयांत येऊ लागली. दोनशेच्या आसपास अशी बाळं नोंदली गेल्यावर सरकारनं १९५७ साली हे प्रमाण खाली आणलं.

मला यातला सर्वांत महत्त्वाचा भाग वाटतो तो वेगळाच. तीच भुकटी लाखो बाळं पीत होती, मग आजारी ठरावीक बाळंच का पडली? याचं उत्तर २०११ साली मिळालं. शरीरातलं जास्तीचं ड जीवनसत्त्व मोडून टाकणारं एक विकर असतं. त्याच्या जनुकात, म्हणजे सीवायपी२४ए१ मध्ये, जन्मतः दोष असलेल्या बाळांना इतरांना चालणारा डोसही सोसत नाही, असं जर्मनीतल्या कार्ल श्लिंगमान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं. म्हणजे ‘मला काही झालं नाही, तुम्हीही घ्या’ हा शेजारधर्म या औषधाच्या बाबतीत चालत नाही. कुणाच्या शरीरात मोडण्याचं यंत्र कच्चं आहे ते बाहेरून दिसत नाही.

अमेरिकेतल्या बॉस्टन परिसरातली १९९२ साली प्रसिद्ध झालेली हकीकतही नीट वाचण्यासारखी आहे. आठ माणसं रक्तात कॅल्शियम वाढून आजारी पडली. त्यातल्या कुणी गोळ्यांचा मारा केला नव्हता. समान धागा निघाला तो दुधाचा. सगळ्यांकडे एकाच स्थानिक डेअरीचं दूध घरपोच येत होतं. कायद्यानुसार साधारण लिटरभर दुधात ४०० युनिट घालायचे होते. नमुने तपासले तर काहींत काहीच नव्हतं, आणि एका नमुन्यात २,३२,५६५ युनिट निघाले. डेअरीत मिसळायचं द्रावण अंदाजानं पडत होतं आणि कुणी मोजत नव्हतं. ती माणसं रोजचं साधं दूध पीत होती आणि आपण औषध घेतोय याची त्यांना कल्पनाही नव्हती.

आपल्या देशातलं उदाहरण श्रीनगरचं. शेर-ए-काश्मीर वैद्यकीय संस्थेतल्या डॉक्टरांनी २०११ साली दहा प्रौढ रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. काश्मीरमध्ये कमतरता सरसकट आढळते, म्हणून तिथे मोठे डोस सढळ हातानं दिले जात. या रुग्णांना एक ते चार महिन्यांत किमान ३६ लाख युनिट दिले गेले होते, काहींना त्याच्या कितीतरी पट. कमतरता जिथे खरी आहे तिथेच विषबाधाही झाली, ही गोष्ट महाराष्ट्रातल्या डॉक्टरांनी आणि रुग्णांनीही मनात ठेवावी.

पण अशी उघड विषबाधा तशी विरळाच. आठवड्याची एक पुडी वर्षभर घेणाऱ्यांपैकी बहुतेकांना यातलं काही होणार नाही, आणि म्हणूनच ते घेत राहतात. त्यांच्यासाठी खरा प्रश्न वेगळा आहे. विषबाधा होत नसेल तर निदान फायदा होतो का? आणि न दिसणारं नुकसान?

इथे मला ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया प्रांतातला एक प्रयोग सर्वांत बोलका वाटतो. सत्तरीच्या पुढच्या २,२५६ बायका, सगळ्यांना हाड मोडण्याचा धोका जास्त. निम्म्यांना वर्षातून एकदा ५ लाख युनिट, निम्म्यांना तसंच दिसणारं पण औषध नसलेलं. एकच डोस वर्षभर पुरेल, रोजची आठवण नको, असा विचार होता. २०१०मध्ये निकाल आला तो उलटा. औषध घेणाऱ्या बायका १५ टक्के जास्त वेळा पडल्या आणि त्यांची हाडं २६ टक्के जास्त मोडली. पडण्याचं प्रमाण सर्वांत वाढलं होतं ते डोस घेतल्यानंतरच्या तीन महिन्यांत. आणि यातली कळीची बाब अशी, की डोसानंतर महिन्याभरानं त्यांच्या रक्तातली पातळी पन्नासच्या आतच होती. आपल्या लॅबच्या रिपोर्टवर ३० ते १०० हा आकडा ‘पुरेसा’ म्हणून छापलेला असतो. म्हणजे रिपोर्ट उत्तम आणि पेशंट मात्र जमिनीवर.

सहा वर्षांनी झ्युरिकमधून दुसरा निकाल आला. तो तर आपल्या पुडीलाच लागू पडतो, कारण तिथे महिन्याला ६०,००० युनिट हाच डोस तपासला होता. सत्तरी ओलांडलेली आणि आदल्या वर्षी एकदा तरी पडलेली २०० माणसं घेतली होती. महिन्याला २४,००० युनिट, म्हणजे रोजचे ८०० पडतील एवढंच घेणाऱ्यांपैकी ४८ टक्के लोक वर्षभरात पडले. ६०,००० घेणाऱ्यांत हे प्रमाण ६७ टक्के होतं. पायांची ताकदही काही वाढली नाही. एकदम मोठा डोस दिल्यावर शरीर ते जीवनसत्त्व मोडून टाकणारी यंत्रणा जोरात सुरू करतं आणि पेशींच्या पातळीवर उलटाच परिणाम होतो, असा एक तर्क यामागे मांडला जातो.

मग रोज घेतलं तर? कॅनडातल्या कॅल्गरी विद्यापीठात ५५ ते ७० वयाच्या ३११ निरोगी माणसांना तीन वर्षं रोज ४००, ४,००० किंवा १०,००० युनिट दिले गेले. हाडांची घनता अतिशय बारकाईनं मोजणारा स्कॅनर वापरला होता. अपेक्षा होती जास्त डोसानं हाडं जास्त घट्ट होतील अशी. २०१९ साली कळलं की मनगटाजवळच्या हाडाची घनता ४०० युनिटवाल्यांत १.२ टक्के घटली, ४,००० वाल्यांत २.४ आणि १०,००० वाल्यांत ३.५ टक्के. लघवीवाटे जास्त कॅल्शियम जाण्याचं प्रमाण अनुक्रमे १७, २२ आणि ३१ टक्के. संशोधकांनी संयमानं लिहिलं आहे की हाडांच्या एकूण ताकदीत फरक दिसला नाही आणि यावर आणखी काम व्हायला हवं. तो संयम मीही पाळतो. पण ज्या हाडांसाठी हा सगळा खटाटोप, त्या हाडांना दहा हजारांनी फायदा झाला नाही एवढं तर नक्की.

मोठ्या डोसाच्या बाजूचे पुरावेही सांगायला हवेत. अमेरिकेतल्या सिनसिनाटीच्या एका मनोरुग्णालयात सात वर्षं रुग्णांना रोज ५,००० ते ५०,००० युनिट देण्यात आले आणि त्यामुळे कुणाचं कॅल्शियम वाढलं नाही, असा अनुभव तिथल्या डॉक्टरांनी २०१९मध्ये प्रसिद्ध केला. मोठ्या डोसाचे पुरस्कर्ते तो नेहमी पुढे करतात. तो खोटा आहे असं मी म्हणत नाही. पण तिथे चिठ्ठ्या टाकून केलेले तुलनेचे गट नव्हते, हाडांची घनता मोजलेली नव्हती, आणि सगळे रुग्ण रुग्णालयाच्या देखरेखीखाली होते. घरी बसून, कुणालाही न विचारता घेणाऱ्याला त्यातून अभय मिळत नाही. त्याहून वजनदार पुरावा ऑस्ट्रेलियाच्या ‘डी-हेल्थ’ प्रयोगाचा आहे. २१ हजारांहून जास्त ज्येष्ठांना पाच वर्षं महिन्याला ६०,००० युनिट किंवा नुसती दिसायला सारखी गोळी दिली गेली. मुतखडे आणि वाढलेलं कॅल्शियम यांत फरक आढळला नाही. म्हणजे महिन्याची एक पुडी बहुतेकांना सोसते. पण मृत्यूचं प्रमाणही कमी झालं नाही, आणि ज्यांचं वजन बेताचं होतं त्यांच्यात पडण्याचं प्रमाण थोडं वाढलेलं दिसलं. आपल्याकडच्या सडपातळ आजी-आजोबांसाठी ही बाब विसरण्यासारखी नाही.

फायद्याच्या बाजूला तरी काय आहे? अमेरिकेतल्या ‘व्हायटल’ या प्रयोगात २५,८७१ माणसांपैकी निम्म्यांनी सरासरी पाच वर्षं रोज २,००० युनिट घेतले. कॅन्सर होण्याचं प्रमाण घटलं नाही, हृदयविकारही कमी झाला नाही, आणि २०२२ साली जाहीर झालेल्या पुढच्या विश्लेषणात हाडं मोडण्याचं प्रमाणही तेवढंच निघालं. कोविडच्या काळात आपल्याकडे झिंक आणि सी जीवनसत्त्वाबरोबर साठ हजारची पुडीही घरोघर पोचली होती. ब्राझीलमध्ये साओ पावलोच्या डॉक्टरांनी कोविडच्या २४० रुग्णांवर दोन लाख युनिटचा एक डोस तपासून पाहिला, रुग्णालयातला मुक्काम एका दिवसानंही घटला नाही. थोडक्यात, ज्याच्या शरीरात कमतरता आहे त्याला हे औषध अमृतासारखं लागू पडतं, आणि ज्याच्यात नाही त्याला त्यातून काही मिळाल्याचं दिसत नाही.

मग हा ३०चा आकडा आला कुठून? अमेरिकेच्या एंडोक्राइन सोसायटीनं २०११ साली रक्तात ३० नॅनोग्रॅमच्या वर पातळी असावी असं सांगितलं. कमतरता असल्यास आठवड्याला ५०,००० युनिट, आठ आठवडे, आणि नंतर रोजचा छोटा डोस, असा मार्गही दिला. आपल्याकडे ते साठ हजार झालं. त्याच्या आदल्याच वर्षी अमेरिकेच्याच इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिननं मात्र बहुतेकांना २० पुरेसे आहेत असं म्हटलं होतं आणि दीर्घकाळ रोज घेण्याची कमाल मर्यादा ४,००० युनिट ठरवली होती. लॅबनं छापला ३०चा आकडा आणि रातोरात निम्मं शहर ‘कमी’ ठरलं. २०२४ साली एंडोक्राइन सोसायटीनं स्वतःच हा ३०चा आग्रह सोडला. निरोगी माणसानं ही तपासणी नेमानं करू नये आणि पन्नाशीनंतर गरज असेल तर एकदम मोठ्या डोसापेक्षा रोजचा लहान डोस घ्यावा, असं त्यांनी सांगितलं. आपल्याकडच्या ‘फुल बॉडी चेकअप’च्या पॅकेजांत ही तपासणी अजूनही बिनदिक्कत घातलेली असते. ती त्यांनी काढून टाकावी असं माझं स्पष्ट मत आहे.

काही लोकांच्या बाबतीत मात्र महिन्याची एक पुडीही विचार करून द्यायला हवी. पूर्वी मुतखडा झालेले, मूत्रपिंडाचा आजार असलेले, पॅराथायरॉइड ग्रंथीचा विकार असलेले हे त्यात आलेच. रक्तदाबासाठी क्लोरथॅलिडोन किंवा हायड्रोक्लोरोथायझाइड घेणाऱ्यांच्या लघवीतून कॅल्शियम कमी बाहेर जातं, त्यामुळे त्यांच्या रक्तात ते लवकर चढतं. आणि आपल्या देशात सर्वांत दुर्लक्षित राहणारा गट टीबीचा. टीबीच्या किंवा सारकॉइडोसिसच्या गाठींमधल्या पेशी ड जीवनसत्त्वाचं कामाचं रूप स्वतःच बनवू लागतात. मूत्रपिंडाचा तो चोख दरवाजा त्यांना विचारतच नाही. अशा रुग्णाला थकव्यासाठी मोठा डोस दिला तर कॅल्शियम झपाट्यानं वाढू शकतं.

उलट, काहींना मोठा डोस दीर्घकाळ लागतोच. आतड्यातून शोषण नीट होत नसेल, वजन घटवण्याची शस्त्रक्रिया झाली असेल, फिट्ससाठी फेनिटॉइनसारखं औषध चालू असेल, तर डॉक्टर जाणीवपूर्वक जास्त देतात. त्यांनी हा लेख वाचून पुडी बंद करू नये. त्यांचा डोस मोजून ठरवलेला असतो आणि त्यांची तपासणी चालू असते.

तान्ह्या बाळांच्या बाबतीत मी थोडं कळवळून सांगतो. बाळाला रोज ४०० युनिट लागतात, आणि ते थेंबांच्या बाटलीतून देतात. या बाटल्या सारख्या नसतात. कुठल्या एका मिलीलिटरमध्ये ४०० असतात, कुठल्या एकात ८००. शिवाय दुकानात पाच मिलीलिटरची एक छोटी कुपीही मिळते, तिच्यात साठ हजार युनिट असतात आणि ती एकदाच पिण्यासाठी असते. दोन्ही बाटल्या लहान, दोन्हींवर तेच नाव. सुट्टीत घर बदललं, बाटली संपली, कुणीतरी धावत जाऊन ‘डी-थ्रीचं सिरप द्या’ म्हणून आणलं, आजीनं रोजच्यासारखं पाजलं, आणि बाळाच्या पोटात एका घोटात दीडशे दिवसांचा शिधा गेला. एकदा झालं तर बहुधा निभावतं. आठवडाभर रोज झालं तर बाळ रुग्णालयात जातं. ड्रॉपर बाटलीबरोबर आलेलाच वापरा, आणि नवी बाटली आणली की एका मिलीलिटरमध्ये किती युनिट आहेत ते आधी वाचा.

मोठ्यांनीही आपल्याकडे नक्की किती जातंय त्याची बेरीज एकदा करावी. कॅल्शियमच्या गोळीत बहुतेक वेळा ड जीवनसत्त्व असतंच. मल्टीव्हिटॅमिनमध्ये असतं, प्रोटीन पावडरमध्ये असतं, पोषणमूल्य वाढवलेल्या दुधात आणि तेलात थोडं असतं. आणि आहारात कॅल्शियमच नसेल तर ड जीवनसत्त्व ते आणणार कुठून? आतड्यात मिळालं नाही तर हाडांतूनच ओढणार. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं. नाचणीची भाकरी, तीळ, ताक, दूध यांशिवाय नुसती पुडी घेणं हे अर्धवट काम आहे.

डॉक्टरांच्या खोलीतली एक गोष्ट बदलली तर बराच धोका टळेल. ‘कुठली औषधं चालू आहेत?’ असं विचारल्यावर लोक बीपीची सांगतात, साखरेची सांगतात, थायरॉइडची सांगतात. पुडी सांगत नाहीत, कारण ती औषध वाटतच नाही. मग उलट्या आणि बद्धकोष्ठतेसाठी पोटाच्या तपासण्या होतात, गोंधळलेल्या आजोबांच्या मेंदूचा स्कॅन होतो, आणि मूळ कारण कपाटातल्या खोक्यात राहतं.

माझा निष्कर्ष असा. कमतरता सिद्ध झाली असेल तर साठ हजारचा आठ आठवड्यांचा कोर्स जरूर पूर्ण करावा. त्यानंतर रोजचे ६०० ते २,००० युनिट बहुतेक प्रौढांना वर्षानुवर्षं सुरक्षित आहेत. ४,००० ही वरची मर्यादा धरावी. त्यापलीकडे दीर्घकाळ जायचं असेल तर डॉक्टरांनी लिहून दिलेलं कारण आणि ठरावीक काळानं रक्तातलं कॅल्शियम व क्रिएटिनिन यांची तपासणी या दोन गोष्टी असायलाच हव्यात. नुसती ड जीवनसत्त्वाची पातळी पाहून भागत नाही. सत्तरीच्या पुढच्यांना वर्षाचं किंवा सहा महिन्यांचं एकगठ्ठा इंजेक्शन देऊ नये. चिठ्ठी लिहिताना डॉक्टरांनी कोर्स संपण्याची तारीख घालावी आणि औषधविक्रेत्यानं ती तारीख उलटली असेल तर पुडी देऊ नये.

आणि तुम्ही किंवा घरातलं कुणी मोठ्या डोसाचं ड जीवनसत्त्व घेत असाल, आणि सारखी तहान लागणं, रात्री वारंवार लघवीला उठणं, मळमळ, बद्धकोष्ठता किंवा बोलण्यात गोंधळ यांतलं काही सुरू झालं असेल, तर पुडी आणि कॅल्शियमची गोळी थांबवा, पुडीचं खोकं सोबत घेऊन डॉक्टरांकडे जा आणि त्याच दिवशी रक्तातलं कॅल्शियम तपासून घ्या.